घरच्या आठवणींचे दप्तर : गंगापूर रस्त्यावरून

आजीआजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला किंवा वडिलांच्या पंच्याहत्तरीला घरच्यांनी एक पुस्तक छापून भेट द्यावे, ही रीत आता शहरी मध्यमवर्गात रुळली आहे. जाड गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर लग्नातला कृष्णधवल फोटो आणि आत मुलासुनांनी, नातवंडांनी लिहिलेले परिच्छेद. लहान मुलांसाठी याचाच धाकटा अवतार मिळतो. त्यात गोष्ट तयार असते, नायकाच्या जागी तुमच्या मुलाचे नाव आणि चेहरा बसवून देतात. नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरच्या घरांतून अशी पुस्तके आम्ही पाहिली आहेत. आमच्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी तर ती लिहून देण्याची कामेही केली आहेत. साहित्याचे अध्यापक म्हणून या प्रकाराकडे नाक मुरडून पाहण्याचा मोह आम्हांलाही झाला. तथापि ज्या रस्त्यावर ही पुस्तके भेट दिली जात आहेत, त्याच रस्त्याचा इतिहास पाहिला तर हा प्रकार वाटतो तितका नवा नाही आणि क्षुल्लक तर मुळीच नाही.

आरंभ गोदाकाठापासूनच करावा लागेल. रामकुंडावरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या घरी ज्या वह्या आहेत, त्यांना नामावळी म्हणतात. यात्रेकरूने आपले गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्याय नेमकी वही काढतात आणि त्यात आपल्या आजोबा-पणजोबांचा लेख सापडतो. ते कधी आले, बरोबर कोण होते, भाऊ किती, मुलगे किती, हे त्यात असते. मग आलेल्याने आपली नोंद त्याखाली करायची. हरिद्वारच्या पंडे मंडळींकडे अशाच वह्या आहेत आणि अमेरिकेतील यूटा येथील वंशशास्त्रविषयक संस्थेने त्यांची सूक्ष्मचित्रे घेतलेली आहेत. म्हणजे ज्याला आपण धार्मिक उपचार समजतो, त्याला जगाने दप्तर म्हणून ओळखले आहे. कोल्हापूर-बेळगावकडच्या सीमाभागात हेच काम हेळवी करतात. फरक इतकाच की तिथे वही यजमानाच्या दारी येते.

नामावळीची मातब्बरी आम्ही मानतो, पण तिची मर्यादाही उघड आहे. ती आठवणी ठेवत नाही, नावे ठेवते. पणजोबा नाशिकला आले होते हे ती सांगते. ते कोणाच्या अस्थी घेऊन आले होते, येताना रडत होते की नवस फिटल्याच्या समाधानात होते, हे ती सांगत नाही. आणि नावे तरी कोणाची? मुख्यतः पुरुषांची. शिवाय ज्यांना त्या कुंडाच्या पायऱ्यांवर मोकळेपणी उतरताच येत नव्हते, त्यांच्या पूर्वजांचे लेख तिथे कसे मिळणार? काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी याच काठावर सुरू झाला, हे नामावळीचे कौतुक करताना विसरून चालणार नाही. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, तेव्हा ते एका माणसाचे आत्मकथन होते तसेच वहीबाहेर राहिलेल्या घरांचा पहिला सविस्तर लेखही होते, असे आम्हांला वाटते.

विसाव्या शतकात नामावळीला एक सुशिक्षित वारस मिळाला, तो म्हणजे कुलवृत्तांत. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि घरोघरच्या माळ्यांवर, उंदीर-वाळवीच्या तोंडी पडलेल्या रुमालांना एकाएकी प्रतिष्ठा आली. भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१० ची. या वातावरणात एकेका आडनावाच्या मंडळींनी आपला वृत्तांत छापण्यास घेतला, हे स्वाभाविकच होते. चित्पावन घराण्यांनी यात विशेष उत्साह दाखविला. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, शाखांचे वृक्ष आणि मग प्रत्येक व्यक्तीची दोन-चार ओळींची नोंद अशी त्यांची ठरीव मांडणी असते. माहिती जमविण्यासाठी निरनिराळ्या गावी पत्रे पाठवायची, आलेली उत्तरे जुळवायची, न आलेल्यांच्या नावापुढे जागा सोडायची. हे सारे संपादन बहुधा नोकरीतून निवृत्त झालेल्या एखाद्या चिकाट गृहस्थाने केलेले असे, आणि त्याच्या श्रमांविषयी आमच्या मनात आदरच आहे.

पण कुलवृत्तांत वाचताना एक गोष्ट खटकत राहते. त्यात कोणी वाईट नसतो. कर्ज बुडविलेला, घर सोडून गेलेला, धर्म बदललेला पूर्वज एक तर गाळला जातो किंवा त्याची नोंद जन्मसालावर आटोपते. स्त्री कंसात माहेरचे नाव घेऊन येते आणि मुलांची नावे सांगून जाते. लेक तर लग्न होताच वृक्षातून नाहीशी होते, ती दुसऱ्या कोणाच्या वृत्तांतात कंसात सापडायची. आजची भेटीची पुस्तके या बाबतीत नकळत कुलवृत्तांताचीच परंपरा चालवतात, केवळ कागद गुळगुळीत झाला आहे. त्यांतल्या सगळ्या आजी अन्नपूर्णा असतात आणि सगळे आजोबा शिस्तप्रिय पण आतून प्रेमळ.

आता रस्त्याने पुढे जाऊ. शहर मागे टाकून पश्चिमेकडे निघाले की आनंदवल्ली लागते. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई यांच्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. आणखी पुढे गंगापूर. येथे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई उत्तरायुष्यात येऊन राहिल्या. त्यांचा थोरला मुलगा विश्वासराव १७६१ साली पानिपतावर पडला आणि पती त्याच वर्षी गेले. दुसरा, माधवराव, १७७२ साली क्षयाने गेला. तिसऱ्या नारायणरावाचा १७७३ साली शनिवारवाड्यात खून झाला आणि त्या खुनाशी राघोबा-आनंदीबाईंची नावे कायमची जोडली गेली. 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका खरी की खोटी, हा वाद इथे नको. पण लोकस्मृतीने एका घराण्याचा विनाश एका अक्षराच्या खाडाखोडीत साठवून ठेवला, हे भाषेच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगे आहे. आणि या दोन जावांच्या आठवणी वागविणारी दोन ठिकाणे एकाच रस्त्यावर असावीत, हाही योग विलक्षणच.

नारायणरावाच्या मृत्यूनंतर १७७४ साली जन्मलेला सवाई माधवराव हा गोपिकाबाईंचा उरलेला एकमेव वंशांकुर. तो पुण्यात, नाना फडणिसांच्या देखरेखीखाली. या नातवासाठी गोपिकाबाईंनी जे उपदेशपत्र लिहून पाठविले, ते मराठेशाहीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. सकाळी उठल्यापासूनची दिनचर्या, स्नानसंध्या, लेखन-वाचन, कारभाऱ्यांशी व वडीलधाऱ्यांशी वागण्याची रीत असा त्याचा विषय. इतिहासकार त्याकडे पेशव्यांच्या शिक्षणाचे साधन म्हणून पाहतात, ते योग्यच आहे. आम्हांला मात्र ते एका विशिष्ट मुलासाठी, त्याच्या वयाचा आणि पदाचा विचार करून केलेले लेखन म्हणून अधिक महत्त्वाचे वाटते. नाव घालून बनविलेले पुस्तक म्हणायचे तर हे खरे तसे. त्यात नाव बदलून दुसऱ्या मुलाला देता येणार नाही.

आणि त्याहून लक्षणीय आहे ते त्या पत्रातील मौन. तीन मुलगे गमावलेली आजी नातवाला त्याच्या बापाच्या खुनाची हकीकत ऐकवत बसत नाही. वेळेवर उठावे, वेळेवर निजावे, हे सांगते. दुःख कलमांच्या आड गेले आहे. राजकारणाने तोंड बांधलेले, की सवयीने? आम्ही दुसऱ्याकडे झुकतो. मराठी घरांत मोठ्यांचे दुःख लहानांपर्यंत सूचनांच्याच रूपाने पोचत आले आहे. गोपिकाबाई १७८८ साली वारल्या. ज्याच्यासाठी ती दिनचर्या लिहिली, तो सवाई माधवराव १७९५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, शनिवारवाड्यात वरून पडून गेला.

गंगापूरच्या शेजारी, गोदेच्या काठी जलालपूर आहे. येथे १८६८ साली मनकर्णिका गोखले जन्मल्या, म्हणजे पुढच्या लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' कसे जन्मले, हे आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो, आणि ऐकून विद्यार्थी दरवर्षी चकित होतात. कवी ना. वा. टिळक १९१९ साली वारले. त्यांचे चरित्र लिहावे असे मुलाच्या, देवदत्ताच्या, मनात आले आणि त्याने आईला आठवणी लिहून मागितल्या. म्हणजे मुळात हे लेखन घरगुती मागणीतून आलेले, एका दुसऱ्या पुस्तकाचा कच्चा माल म्हणून सांगितलेले. बापाचे चरित्र व्हायचे ते आईचे आत्मचरित्र झाले. १९३४ ते १९३६ या काळात त्याचे भाग प्रसिद्ध झाले आणि मराठी गद्याला एक अशी वाणी मिळाली, जिच्याजवळ शाळेचे शिक्षण नव्हते.

मागितलेले द्यायचे म्हटले असते तर लक्ष्मीबाईंना एक सोज्ज्वळ पतिचरित्र सहज देता आले असते. त्यांनी काय दिले? सत्तावनच्या धामधुमीत फाशी गेलेल्या आजोबांची कथा आणि त्या धक्क्यातून वडिलांच्या डोक्यात शिरलेले सोवळ्याचे वेड, मीठसुद्धा धुवून घेण्यापर्यंत गेलेले. अकराव्या वर्षी झालेले लग्न. न सांगता घर सोडून जाणारा, पैसा हाती न टिकणारा, तापट आणि तरीही हवाहवासा वाटणारा नवरा. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हाचा आकांत आणि ताटातूट. पुढे १९०० मध्ये स्वतः घेतलेला बाप्तिस्मा, तोही जातिभेदाविषयी आपल्या मनाशी झगडून. कुलवृत्तांताने दीड ओळीत उरकले असते ते हे सारे. शिवाय सांगण्याची तऱ्हा अशी की वाचक रडायच्या बेतात असताना हसतो. वडिलांच्या विक्षिप्तपणाची थट्टा करताना त्यांच्यावरची माया कमी होत नाही, आणि माया आहे म्हणून सत्याला मुरड पडत नाही. ज्या मुलाने आठवणी मागितल्या, त्याला त्या वाचताना काय वाटले असेल, हा प्रश्न आमच्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारला होता. देवदत्तांनी त्या छापल्या, एवढे उत्तर पुरेसे आहे. नंतर नातू अशोक देवदत्त टिळक यांनी संपादकाच्या काटेकोरपणाने या ग्रंथाची आवृत्ती सिद्ध केली. मागणारा मुलगा, सांगणारी आई, पाठ जपणारा नातू. घरातल्या घरात एवढी पूर्ण साखळी मराठीत विरळाच.

घरच्या आठवणी सांगण्याचे आणखी एक मोठे पुस्तक नाशिकमध्येच लिहिले गेले. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी लिहायला घेतले आणि १३ तारखेच्या पहाटे संपविले. ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. रात्रीमागून रात्र गोष्ट सांगण्याची त्याची मांडणी घरातल्या माजघरातून आलेली आहे. लक्ष्मीबाईंच्या तुलनेत गुरुजींची आठवण भक्तीची, हे मान्य करावे लागते. पण तीही खोटी नव्हे, कारण तिच्यातले दारिद्र्य आणि अपमान गाळलेले नाहीत. आईच्या नावाने निघालेल्या आजच्या भेटपुस्तकांवर 'श्यामची आई'ची छाया दिसते, पण ती केवळ गहिवराची. सावकाराचा माणूस दारात येतो तो प्रसंग मात्र कोणी उचलत नाही.

ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्यांची सोय वेगळी होती. जात्यावर बसलेली बाई ओवीत भावाचे नाव घालून गाई, तान्ह्याचे नाव घालून गाई. चाल आणि साचा सामायिक, नाव आपले. नाव बसवून मिळणाऱ्या बालपुस्तकांवर साचेबंदपणाचा आक्षेप घेणाऱ्यांनी (आम्हीही त्यांत आलो) हे आठवून पाहावे. साचा हा दोष नव्हेच. ओवीत साच्याच्या आत बाई आपल्या सासुरवासाची, न आलेल्या मुराळ्याची ओळ स्वतः जोडत असे. छापील बालपुस्तकात ती ओळ जोडायला जागा सोडलेली नसते, खरी अडचण तिथे आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत राजे-सरदार नाहीत, पण घरे किती तरी आहेत.

आमच्याकडे कोणी विद्यार्थी आजीसाठी पुस्तक करायचे आहे म्हणून सल्ला मागायला आला, तर आम्ही त्याला प्रश्नांची तयार यादी बाजूला ठेवायला सांगतो. 'तुमचा सर्वांत आनंदाचा क्षण कोणता' याला आजी जे उत्तर देते, ते तिने टीव्हीवर ऐकलेले असते. त्याऐवजी घरात पहिल्यांदा घड्याळ कधी आले, रेशनच्या दुकानात कोण उभे राहत असे, कोणाशी बोलणे बंद होते आणि का, हे विचारावे. गेल्या वर्षी एकाने तसे विचारले. आजीने बराच वेळ काही सांगितले नाही. मग तिने एका दिराचे नाव घेतले, जो घरातल्या एकाही फोटोत नव्हता. ते प्रकरण पुस्तकात घालायचे की नाही, यावर त्या घरात अजून एकमत झालेले नाही, आणि छपाई तेवढ्यासाठी थांबली आहे.