दोन काचांचे क्षितिज

समुद्रावरील सूर्यास्ताचे छायाचित्र घेऊ पाहणाऱ्या नवशिक्यास पहिला उपदेश मिळतो तो क्षितिजाविषयी: ती रेघ तिरपी होऊ देऊ नये, चौकटीच्या बरोबर मध्यावर आणू नये, आणि आकाश व पाणी यांपैकी ज्याच्या ठायी अधिक काही घडत असेल त्यास अधिक जागा द्यावी. हा उपदेश चित्रकलेच्या घराण्यातून आला असे मानण्याची वहिवाट आहे, आणि ती निराधार नाही. जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज कोरीवचित्रकाराने १७९७ साली ग्रामीण देखाव्यांवरील आपल्या पुस्तकात एक भाग भूमी आणि दोन भाग आकाश अशा तृतीयांशांच्या प्रमाणाची शिफारस केलेली आहे. परंतु छायाचित्रकारास क्षितिजाकडे इतक्या बारकाईने पाहावयास लावले ते, माझ्या मते, सौंदर्यशास्त्राने नव्हे, तर रसायनातील एका उणिवेने.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर चढविलेला चांदीचा क्षार निळ्या प्रकाशास अतिशय संवेदनशील असे, तांबड्या-पिवळ्यास मात्र जवळजवळ आंधळा. परिणामी समुद्र व किनारा काचेवर उमटण्यापुरता वेळ दिला की आकाश इतके भाजून निघे की छापावर मेघांच्या जागी कोरा पांढरा कागद उरे. आकाशाचा मान राखावा तर खालची भूमी काळोखात बुडे. त्यात मावळतीचा प्रकाश तांबूस, म्हणजे काचेच्या दृष्टीने अगदीच निर्बळ. शिवाय काच वाळण्यापूर्वीच ती उघडून धुवावी लागत असल्यामुळे अंधाराचा तंबू, बाटल्या आणि पाणी असा सगळा सरंजाम किनाऱ्यापर्यंत वाहून नेणे भागच होते.

या अडचणीतून वाट काढणाऱ्यांत अग्रगण्य ठरला गुस्ताव ले ग्रे. पॉल देलारोश या चित्रकाराच्या हाताखाली शिकलेला हा फ्रेंच कलावंत १८५६-५७ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर आणि भूमध्य समुद्राकाठच्या सेत बंदरी गेला. त्याने सागराची एक काच घेतली, मेघांची दुसरी, आणि छापताना एकीचे आकाश व दुसरीचे पाणी झाकून दोन्ही एकाच कागदावर उतरविली. हा सांधा झाडांच्या शेंड्यांवरून किंवा घरांच्या छपरांवरून नेणे महाकठीण. समुद्राची सरळ, अखंड रेघ मात्र जणू त्यासाठीच आखलेली. म्हणूनच सागरदृश्य या पद्धतीचे स्वाभाविक क्षेत्र ठरले. मात्र अशी जोडणी करणाऱ्यास दोन गोष्टी आधी ठरवाव्याच लागत: रेघ किती उंचीवर असावी, आणि मेघांवरील उजेड ज्या बाजूने येतो त्याच बाजूने तो लाटांवरही पडतो की नाही. आज आपण डोळ्यांसमोरच्या देखाव्यापुढे यंत्र धरतो आणि या दोन्ही प्रश्नांचे उत्तर निसर्गाने दिलेलेच आहे असे गृहीत धरतो. ले ग्रेला ते स्वतः द्यावे लागे, आणि त्याची चित्रे इतकी विचारपूर्वक रचलेली दिसतात ती त्यामुळेच. आपल्याला पसंत पडलेले एकच आकाश त्याने एकाहून अधिक समुद्रांवर वापरले, याचेही पुरावे त्याच्या छापांतच सापडतात.

त्याचे १८५६ चे गलबताचे चित्र मात्र एकाच काचेवरचे आहे, आणि सूर्यास्त टिपणाऱ्यांनी तेच आधी अभ्यासावे असे मला वाटते. सूर्य मेघांआड असता त्याने यंत्र थेट प्रकाशाकडे रोखले आणि काच अल्पकाळच उघडली. पाण्यावर चकाकीचा पट्टा उमटला, गलबत काळ्या आकृतीत उरले, आणि पाहणाऱ्यांस ते चांदण्यातले दृश्य भासले. आकाशास पाण्याहून मोठा वाटा देऊन एवढेसे जहाज क्षितिजाशी ठेवल्यामुळे त्या अवकाशाची विशालता मोजावयास दृष्टीस एक माप मिळाले. सेतच्या महालाटेच्या चित्रात एका अंगाला बंदराचा धक्का आहे. तो नसता तर त्या लाटेचा आवेग कशाच्या आधारे जाणवला असता?

अशी जोडणी म्हणजे लबाडी, असा आक्षेप त्याही काळी होता. मला तो ग्राह्य वाटत नाही. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाचा डोळा मेघ आणि लाट दोन्ही पाहतो. काचच ते पाहू शकत नव्हती, तेव्हा तिची उणीव भरून काढणारा मनुष्य खोटे सांगत होता असे कसे म्हणावे?

आपल्याकडे मुंबईत १८५४ मध्येच छायाचित्रकारांचे मंडळ स्थापन झाले होते, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी त्या काळच्या मुंबईतील नामांकित छायाचित्रकारांत गणले जात. ज्या शहराचा सूर्य रोज समुद्रातच मावळतो, तेथेही मावळतीचा तांबूस रंग काचेस तितकाच अगोचर होता.

ही उणीव प्रथम कमी झाली ती १८७३ मध्ये, जेव्हा हर्मान फोगेल या जर्मन रसायनज्ञास आढळले की विशिष्ट रंगद्रव्य मिसळल्यास काच हिरव्या-पिवळ्या प्रकाशासही जागी होते. पुढे अशा काचा आणि पिवळी गाळणी यांच्या योगाने मेघ व पाणी एकत्र उतरू लागले, आणि दोन काचांची गरज हळूहळू संपली. ले ग्रे तोवर पॅरिसच्या व्यवसायातून केव्हाच बाहेर पडला होता. १८६० मध्ये सावकारांच्या तगाद्यापायी चित्रशाळा सोडून तो कादंबरीकार अलेक्झांद्र द्युमाच्या जहाजावरून निघाला, पालेर्मोत गारिबाल्दीचे छायाचित्र घेतले, आणि अखेर ईजिप्तमध्ये स्थिरावून कैरोत चित्रकला शिकवू लागला. तेथेच १८८४ मध्ये त्याचे निधन झाले.