'आगर': ध्वनिसाम्य आणि व्युत्पत्ती

नवी मुंबईच्या परिसरात 'आगर' म्हणजे मिठागर. 'आगरी' हे समाजनाम त्याच्याशीच जोडले जाते. संस्कृत 'आकर' (खाण) या शब्दातील 'क'चा प्राकृतात 'ग' होऊन तो सिद्ध झाला. 'गुणांचे आगर' या प्रयोगात मूळ अर्थ टिकून आहे. एस.टी.चे 'आगार' मात्र 'घर' या अर्थाच्या निराळ्या संस्कृत शब्दाचे. १८८०च्या दशकापासून जंतुसंवर्धनासाठी वापरला जाणारा समुद्रशैवालाचा 'आगर' मलायी. लॅटिन 'आगेर' (शेत) हाही सोयरा नव्हे; त्याचा संस्कृतातील खरा भाऊबंद 'अज्र'. तात्पर्य, ध्वनिसाम्य हा नात्याचा पुरावा नव्हे. १९७०मध्ये स्थापन झालेल्या सिडकोच्या शहरासाठी संपादित झालेल्या जमिनींत मिठागरेही होती. तेथील श्रमाची खूण समाजनामात उरली आहे. सैल व्युत्पत्तीने तीही पुसली जाईल.