जेम्स केअर्ड : एका होडीचे रूपांतर

वल्ह्याने चालवायची होडी आणि शिडाने चालवायची होडी यांच्या गरजा परस्परविरोधी असतात. वल्हवणाऱ्याला होडी हलकी आणि बुटक्या काठांची हवी. काठ उंच झाले की वल्ही पाण्यात नीट पोचत नाहीत. शिडातला वारा मात्र होडी कलती करू पाहतो. तिथे तळाशी वजन हवे, आणि भर समुद्रात लाटा आत येऊ नयेत म्हणून काठही उंच हवेत. या तडजोडीवर २८ माणसांचे प्राण कसे अवलंबून राहिले, ते आपण पाहू.

अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या अंटार्क्टिक मोहिमेचे 'एन्ड्युरन्स' जहाज बर्फाने चिरडले आणि २१ नोव्हेंबर १९१५ रोजी बुडाले. पुढे तीन होड्यांतून सर्वजण एप्रिल १९१६ मध्ये निर्जन एलिफंट बेटावर पोचले. तिथे कोणी शोधायला येण्याची आशा नव्हती. फॉकलंड बेटे तुलनेने जवळ होती, पण पश्चिमेकडून सतत वाहणाऱ्या जोरदार वाऱ्याला तोंड देत तिकडे जाणे अशक्य होते. म्हणून वाऱ्याबरोबर जाता येईल असे, सुमारे १३०० किलोमीटरवरचे साउथ जॉर्जिया बेट निवडले गेले. देवमाशांची शिकार करणाऱ्यांची ठाणी तिथे होती.

होडी निवडली ती तिन्हींत मोठी, 'जेम्स केअर्ड'. लांबी जेमतेम सात मीटर, दोन्ही टोके निमुळती. मोहिमेचे सुतार हॅरी मॅकनिश यांनी बर्फावर असतानाच तिचे काठ फळ्या ठोकून उंच केले होते. फळ्यांच्या फटी त्यांनी चित्रकाराचे तैलरंग आणि सीलचे रक्त वापरून बुजवल्या. बेटावर त्यांनी घसरगाड्यांच्या पट्ट्या आणि खोक्यांची झाकणे यांचा सांगाडा करून त्यावर कॅनव्हास ताणला. लाटांवर होडीचा कणा मोडू नये म्हणून दुसऱ्या होडीची डोलकाठी आतून कण्यालगत बांधली. शेवटी तळाशी सुमारे ९०० किलो दगडगोट्यांचे नीरम, म्हणजे स्थैर्यासाठीचे वजन, भरले.

हे नीरम जास्त होते असे दिशादर्शक फ्रँक वर्सली यांचे मत होते. त्यात तथ्य होते. गुरुत्वमध्य खूप खाली गेला की कललेली होडी झटक्याने सरळ होते. माणसे आदळतात आणि होडी पाण्यात खोल बसल्याने भिजतातही. पण वाटेत कॅनव्हासवर बर्फाचे जाड थर साचले. वजन वर चढले, गुरुत्वमध्यही वर सरकला आणि होडी जडपणे डोलू लागली. घसरड्या कॅनव्हासवर सरपटत जाऊन तो बर्फ फोडावा लागला. जादा वल्हीही समुद्रात टाकून द्यावी लागली.

२४ एप्रिलला निघालेले सहाजण १० मे रोजी साउथ जॉर्जियाला पोचले. त्यांत मॅकनिशही होते. मागे राहिलेल्या २२ जणांची ३० ऑगस्ट १९१६ रोजी सुटका झाली. एकही दगावला नाही. तरीही मॅकनिश यांना ध्रुवीय पदक मिळाले नाही. बर्फावर असताना शॅकल्टन यांच्याशी त्यांचा खटका उडाला होता आणि पदकासाठी त्यांची शिफारस झाली नाही. होडी मात्र लंडनच्या डलिच कॉलेजात, म्हणजे शॅकल्टन यांच्याच शाळेत, जतन केली गेली.

वर्गात हे तत्त्व सहज दाखवता येईल. पसरट प्लास्टिकच्या डब्याच्या तळाशी थोडे खडे चिकटवून तो पाण्यावर तरंगवा, एका बाजूने हलकेच दाबून सोडा आणि दहा झोके मोजायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. मग तेच खडे काठाच्या उंचीवर चिकटवून प्रयोग पुन्हा करा. दोन्ही वेळांत फरक का पडला, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.