टॉन्सिलचं च्युइंगगम आणि मेंदूतला रक्तस्राव

अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्याला ब्रेन हॅमरेज झालं की प्लेटलेट्स चढवायच्या, ही रीत बरीच वर्षं चालली. तिचं मूळ कॅलिफोर्नियातल्या ग्लेन्डेलच्या एका साध्या डॉक्टरकडे जातं, असं माझं ठाम मत आहे.

1882 मध्ये बित्सोझेरोंनी तुरीनला प्लेटलेट्सचं काम ओळखलं. 1910 मध्ये बोस्टनला विल्यम ड्यूक यांनी ताजं रक्त देऊन प्लेटलेट्स वाढवल्या नि रक्तस्राव थांबवला. रीतीचा अर्धा भाग इथे तयार झाला. अ‍ॅस्पिरिन मधे कुठून आलं?

ग्लेन्डेलचे ते डॉक्टर, लॉरेन्स क्रेव्हन, टॉन्सिल काढत. नंतर घसा दुखू नये म्हणून रुग्णाला अ‍ॅस्परगम हे च्युइंगगम चघळायला देत. एका कांडीत 227 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन! काहीजण दिवसाला वीस-वीस कांड्या संपवत, आणि त्यांच्याच जखमा वाहत राहत. क्रेव्हननी स्वतः रोज 12 गोळ्या घेऊन पाहिल्या. काही दिवसांत घोळणा फुटला. (असली हौस आज कुणी करू नये.) मग हृदयविकार टाळण्यासाठी त्यांनी शेकडो पुरुषांना अ‍ॅस्पिरिन सुरू केलं नि 1950 पासून त्यावर लेख लिहिले.

अ‍ॅस्पिरिनचा रक्त गोठण्यावरचा परिणाम शोधल्याचा मान सहसा हार्वे वाइस यांना (1967) किंवा नोबेल मिळवणाऱ्या जॉन व्हेन यांना देतात. क्रेव्हन प्लेटलेट्स सोडून प्रोथ्रोम्बिन या रक्त गोठण्यातल्या प्रथिनाच्या मागे लागले होते, तुलनेला दुसरा गट ठेवला नव्हता, शिवाय 1957 मध्ये ते स्वतःच हृदयविकाराने गेले, हे आक्षेप खरे आहेत. पण अ‍ॅस्पिरिनने रक्त वाहत राहतं हे त्यांनी रुग्णांच्या घशात पाहिलं. नंतरच्यांनी कारण शोधलं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे अ‍ॅस्पिरिनने निकामी केलेलं एन्झाइम ती नव्याने बनवू शकत नाही. सात ते दहा दिवसांच्या आयुष्यातला उरलेला काळ तशीच काढते. मग बाहेरून ताज्या प्लेटलेट्स द्या, हा हिशेब सरळ वाटला.

2016 मध्ये 'पॅच' चाचणीने तो उलटवला. नेदरलँड्स, ब्रिटन आणि फ्रान्समधले 190 रुग्ण, सगळे लक्षणं सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आतले. तीन महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व प्लेटलेट्स दिलेल्यांतच जास्त निघालं. का? माझा अंदाज असा, की प्लेटलेट म्हणजे नुसतं बूच नव्हे. ती दाहही भडकवते, आणि गाठीभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबवत असावी. 2022 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी तातडीची शस्त्रक्रिया व्हायची नसेल तर अशा रुग्णांना प्लेटलेट्स देऊ नका असं सांगितलं. शस्त्रक्रियेला नेताना मात्र त्यांचा विचार अजूनही होतो.