तण माजलेलें गांव

गांवाची ओढ म्हणजे शेताझाडांची ओढ, असें आपण धरून चालतों. व्हिडिओ-खेळांतील एका गांवाचा इतिहास मात्र निराळें सांगतो. चिबाचे कात्सुया एगुची निन्टेंडो कंपनीच्या नोकरीसाठीं क्योतोस आले, तेव्हां आप्तमित्र मागें राहिले. त्यांच्या सहवासाचें मोल या एकटेपणांत उमगलें, व त्यांतूनच ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ जन्मास आला. २००१ सालीं तो जपानांत प्रथम विक्रीस निघाला.

यांत जिंकावयाचें असें कांहींच नाहीं. गांवकरी सारे बोलके पशुपक्षी. मासे धरावे, फळें तोडावीं, शेजाऱ्यांस पत्रें लिहावीं, घराचें कर्ज सवडीनें फेडावें. (कर्जास व्याज नाहीं, एवढ्यावरूनच हें गांव काल्पनिक ठरतें!)

परंतु खरें मर्म त्याच्या घड्याळांत आहे. यंत्र बंद असलें तरी तेथील काळ आपल्या काळाबरोबर चालतच असतो. महिनेच्या महिने कोणी फिरकलें नाहीं, तर गांवांत तण माजतें, घरांत झुरळें होतात आणि शेजारी ‘इतके दिवस कोठें होतां?’ म्हणून विचारतात. एखादा लाडका शेजारी गांव सोडून गेलेलाही असतो. बालपणीं तेथें रमलेल्यांची आजची हुरहूर म्हणूनच जुन्या खेळण्याच्या प्रेमाहून वेगळी आहे. इतर खेळ पेटींत ठेवले कीं जसेच्या तसे राहतात. हें गांव आपल्यावांचून जुनें होतें.

२० मार्च २०२० रोजीं नवी आवृत्ति आली, ती महामारीनें दारें बंद केलीं असतां. दूरदूरचे स्नेही तिच्यांतील बेटांवर भेटूं लागले. कोणी तेथें लग्नसमारंभही केले. पुढें दारें उघडलीं, आणि पुष्कळांचें तिकडे जाणें राहून गेलें.