प्लेगप्रतिबंधक लस व पनवेल तालुका

मुंबई इलाख्यात १८९६ मध्ये उद्‌भवलेल्या प्लेगच्या साथीत वॉल्डेमार मॉर्डेकाय हाफकिन (१८६०–१९३०) यांनी तयार केलेल्या लशीच्या ज्या आरंभीच्या परीक्षा झाल्या, त्यांपैकी एक तत्कालीन पनवेल तालुक्यातील उरणजवळच्या मोरा बंदरात १८९७ मध्ये झाली. लस खरोखर गुणकारी आहे काय, ती घेण्यासाठी लोकांवर कितपत दडपण आणावे, आणि ती बनविणाऱ्या प्रयोगशाळेच्या हातून चूक घडल्यास तिचा निवाडा कोणी करावा, या तिन्ही प्रश्नांवर त्या काळी कडाक्याचे वाद झाले. कोविड–१९ च्या साथीत तेच प्रश्न याच परिसरात पुन्हा उपस्थित झाले. त्यामुळे मोऱ्याच्या या लहानशा परीक्षेस स्थानिक इतिहासापलीकडचे महत्त्व आहे.

पनवेल तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. १८८३ मध्ये तो उरण पेट्यासह कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यास जोडण्यात आला. लोहमार्ग होण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास जाणारे प्रवासी जलमार्गाने पनवेलच्या खाडीत उतरत आणि तेथून बोरघाटाने देशावर चढत. रेल्वे कल्याणमार्गे गेल्यावर हा ओघ आटला. परंतु मीठ, भात व मासळी घेऊन मुंबईस जाणाऱ्या गलबतांची ये-जा चालूच राहिली. उरण येथे मिठागरे व मद्याच्या भट्ट्या होत्या आणि त्यांचा माल मोरा बंदरातून मुंबईस जाई. वस्ती मुख्यतः आगरी व कोळी लोकांची. मुंबईचा धक्का येथून काही तासांच्या अंतरावर असल्याने तेथे जे जे येई, ते येथे पोहोचण्यास विलंब लागत नसे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी या रोगाचे निदान केले. मराठीत त्यास ‘ग्रंथिक सन्निपात’ किंवा ‘गाठीचा ताप’ म्हणत. त्याचा जंतू हाँगकाँग येथे १८९४ मध्येच सापडला होता. परंतु उंदरांवरील पिसवांमार्फत तो माणसांत शिरतो, हे सीमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवीपर्यंत कोणास ठाऊक नव्हते. साहजिकच सरकारचे उपाय उंदरांऐवजी माणसांविरुद्ध योजले गेले. मुंबईच्या सु. साडेआठ लाख रहिवाशांपैकी जवळजवळ निम्मे लोक पळून गेले असावेत, असा अंदाज आहे. ते रेल्वेने, पायी व मिळेल त्या होडीने गेले आणि त्यांच्या गाठोड्यांबरोबर रोगही गेला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा संमत झाला. प्रवाशांस अडविणे, घरांची झडती, रोग्यांस रुग्णालयात व त्यांच्या आप्तांस विलगीकरणाच्या छावणीत नेणे, कपडेलत्ते जाळणे यांचे अधिकार त्याने मिळाले. कल्याणसारख्या स्थानकांवर उतारूंची तपासणी होऊ लागली. पुण्यातील सोजिरांच्या झडत्यांमुळे उसळलेल्या संतापाची परिणती २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड याच्यावरील हल्ल्यात झाली. लशीचा इतिहास या पार्श्वभूमीपासून वेगळा करता येत नाही. लस घेऊन येणारा डॉक्टर आणि झडतीसाठी येणारा शिपाई यांत फरक करण्याचे कारण सामान्य माणसास दिसत नव्हते.

हाफकिन हे ओडेसाचे. पॅरिस येथील पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली होती व तिच्या प्रयोगांसाठी ते हिंदुस्थानात आले होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस आल्यावर ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहान खोलीत त्यांनी काम आरंभिले. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवल्यास त्यांच्या खाली प्लेगचे जंतू लोंबत्या तंतूंच्या रूपाने विपुल वाढतात, असे त्यांना आढळले. ही वाढ उष्णता देऊन मारली, तीत थोडे कार्बॉलिक आम्ल घातले की लस सिद्ध होई. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. तीमुळे एक-दोन दिवस ताप येई व दंड सुजे. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसास ही बाब क्षुल्लक नव्हती, याकडे त्या वेळच्या सरकारी टिपणांत फारसे लक्ष दिलेले दिसत नाही.

पहिली परीक्षा ३० जानेवारी १८९७ रोजी भायखळ्याच्या तुरुंगात झाली. तेथे स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांस लस टोचली. त्यांपैकी तिघे त्याच दिवशी आजारी पडून पुढे मरण पावले. टोचण्यापूर्वीच त्यांच्यात रोग शिरलेला होता, या कारणाने त्यांस हिशेबातून वगळण्यात आले. उरलेल्यांत दोघांस लागण झाली व कोणी दगावले नाही; लस न घेतलेल्यांत बारा जणांस लागण होऊन सहा मृत्यू झाले. गणना टोचल्या क्षणापासून करावी की लशीचा परिणाम होण्यास अवधी देऊन करावी, हा वादाचा मुद्दा येथेच जन्मला. कोविड लशींच्या बाबतीत ‘मात्रेनंतर चौदा दिवस’ ही अट आली, तेव्हा हीच शंका पुन्हा घेण्यात आली.

तुरुंगात माणसे मोजलेली असतात. गावात तसे नसते. मोऱ्याच्या परीक्षेचे महत्त्व आणि तिचा दुबळेपणा, दोन्ही यातच आहेत. हाफकिन यांनी दिलेल्या आकड्यांनुसार तेथील ४२९ लोकांनी लस घेतली. त्यांपैकी सात जणांस लागण झाली व एकही मृत्यू झाला नाही. लस न घेतलेले ५७१. त्यांत २६ जणांस लागण झाली व २४ मरण पावले. या दोन संख्यांची बेरीज बरोबर एक हजार भरते. त्यावरून गावची लोकसंख्या अंदाजाने धरली असावी आणि तीतून लस घेतलेल्यांची संख्या वजा करून उरलेले सर्व ‘न घेतलेले’ मानले असावेत, असा तर्क करता येतो. साथीच्या दिवसांत बंदरातील वस्ती रोज बदले. काही पळाले, काही मुंबईहून आले. म्हणून लागणीचे प्रमाण किती घटले, हे मोऱ्याच्या आकड्यांवरून काटेकोर सांगता येत नाही. मात्र २६ रोग्यांतील २४ दगावले आणि सातांतील एकही नाही, ही तुलना लोकसंख्येच्या अंदाजावर अवलंबून नाही. संख्या लहान असली तरी हा फरक केवळ योगायोगाचा मानणे कठीण आहे.

यानंतरच्या परीक्षा अधिकाधिक काळजीपूर्वक झाल्या. पोर्तुगीज अमलाखालील धाकट्या दमणमध्ये लस घेतलेल्या २,१९७ लोकांपैकी ३६ आणि न घेतलेल्या ६,०३३ पैकी १,४८२ मरण पावले. बडोद्याजवळील उंधेरा या गावी फेब्रुवारी १८९८ मध्ये घरोघरच्या माणसांची यादी करून प्रत्येक कुटुंबातील सु. निम्म्यांसच लस देण्यात आली. नंतर रोग शिरलेल्या घरांत लस घेतलेले ७१ होते, त्यांत तीन मृत्यू झाले; न घेतलेले ६४ होते, त्यांत २६. एकाच छपराखाली राहणाऱ्या, एकच अन्न खाणाऱ्या माणसांची ही तुलना असल्याने, श्रीमंत व शहाणी माणसेच लस घेतात म्हणून ती वाचतात, हा आक्षेप तीस लागू पडत नाही. निम्म्या घराला लस नाकारणे कितपत योग्य, हा प्रश्न मात्र आजच्या वाचकाच्या मनात आल्यावाचून राहणार नाही.

फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग आयोगाने (१८९८–९९) हे सर्व पुरावे तपासले. लशीने लागण व मृत्यू यांचे प्रमाण निश्चित घटते. परंतु संरक्षण पूर्ण नसते, ते लागलीच मिळत नाही व मात्रेचे प्रमाणीकरण समाधानकारक नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. लशीचे भक्त व द्वेष्टे दोघांनाही तो पसंत पडला नाही. पुढील अनुभव पाहता तो बराच समतोल होता, असे म्हणावे लागते.

सरकारने लस ऐच्छिक ठेवली. परंतु लस घेतल्याचा दाखला असणाऱ्यास विलगीकरणाच्या छावणीतून सूट मिळे. छावणीची धास्ती एवढी होती की, ही सवलत म्हणजे आडमार्गाची सक्तीच ठरली. याउलट मुंबईतील खोजा समाजात तिसरे आगाखान यांनी स्वतः चारचौघांदेखत लस टोचून घेतली व हजारोंनी त्यांचे अनुकरण केले. दाखल्याने घडविले त्याहून हे वेगळे होते.

लशीवरील विश्वासास मोठा धक्का पंजाबातील मलकोवाल या गावी ३० ऑक्टोबर १९०२ रोजी बसला. तेथे लस दिलेल्या १०७ जणांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. बाटली परळच्या प्रयोगशाळेतून आली होती. दोष प्रयोगशाळेत घडला, असे चौकशी आयोगाने ठरविले व हाफकिन यांस पदावरून दूर व्हावे लागले. वस्तुतः बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरण्यात आला होता. रोनल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये ही बाजू जाहीरपणे मांडल्यावर हाफकिन दोषमुक्त झाले. परंतु मधल्या पाच वर्षांत प्लेग भरात होता. हिंदुस्थानात या रोगाने एकूण एक कोटीहून अधिक बळी घेतले. परळच्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले.

मार्च २०२० मध्ये कोविड–१९ च्या निमित्ताने महाराष्ट्रात १८९७ चाच कायदा लागू करण्यात आला. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेच्या खारघर, कामोठे, कळंबोली या वसाहतींत मुंबईस नोकरीसाठी ये-जा करणाऱ्यांची वस्ती मोठी आहे. पहिल्या महिन्यांत लागण झालेल्यांत अत्यावश्यक सेवेतील असे प्रवासी पुष्कळ आढळल्याने, मुंबईहून रोग येतो ही जुनी भीती परत आली. होडीची जागा लोकलने घेतली होती एवढेच. लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. तत्पूर्वी ‘कोव्हॅक्सिन’ला तिसऱ्या टप्प्यातील परिणामकारकतेचे आकडे हाती येण्यापूर्वीच मान्यता मिळाल्याने टीका झाली होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन मात्रा घेतलेल्यांसच लोकलचा पास देण्यात येऊ लागला. हार्बर मार्गाचे शेवटचे स्थानक असलेल्या पनवेलच्या नोकरदारास या दाखल्यावाचून कामावर जाणे अवघड होते. १८९७ च्या दाखल्याशी याचे साम्य उघड आहे. या निर्बंधास मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले व २०२२ मध्ये तो उठला. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणावरही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही असा निर्णय दिला; सरकारचे लसीकरणाचे धोरण मात्र अवाजवी ठरविले नाही आणि लशीनंतरच्या दुष्परिणामांची माहिती लोकांसाठी खुली करण्यास सांगितले.

विषाणूच्या उगमाचा वाद याहून वेगळा असला, तरी मलकोवालशी त्याचे नाते आहे. कारण दोष प्रयोगशाळेतला की बाहेरचा, हाच तेथेही प्रश्न आहे. पुण्यातील मोनाली रहाळकर व राहुल बहुलीकर या संशोधकांनी २०२० मध्ये चीनमधील मोजियांग येथील खाणकामगारांच्या २०१२ च्या आजाराकडे लक्ष वेधले. जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या तज्ञगटाने जून २०२५ मध्ये, उपलब्ध पुरावा प्राण्यांपासून संसर्ग झाल्याच्या बाजूस अधिक झुकतो असे म्हटले. परंतु चीनकडून मागितलेली माहिती न मिळाल्याने प्रयोगशाळेतील अपघाताची शक्यता तपासता वा निकालात काढता आली नाही, असेही नमूद केले.