किल्लारी १९९३ : घर कोणाला, किती?

१/ ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीनंतरची पहाट. ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबादचा परिसर हादरला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचे ओझे निद्रिस्तांवर कोसळले. हजारो मृत्युमुखी पडले.

२/ लष्कराने ढिगारे उपसले. पुढे जागतिक बँक व देणगीदार संस्थांच्या साहाय्याने ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घराचे क्षेत्रफळ मात्र जमीनधारणेवरून ठरले : भूमिहीन व अल्पभूधारकांस २५० चौरस फूट, ७ हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्यांस ७५०.

३/ ढिगाऱ्यात मिसळलेली गावाची उतरंड आराखड्याने अशी पुन्हा आखली. म्हणूनच पुनर्वसनाचा इतिहास अभ्यासताना घरांची संख्या पुरेशी नाही; ती कोणत्या निकषावर वाटली गेली, हेही तपासावे लागते.